फाल्त्सच्या रानातली माती

आमची केतकी ज्या गावात पीएच.डी. करते त्या गावाचं नाव कायझर्सलाउटर्न. मला ते नीट म्हणता यायला वर्ष गेलं. आमचे हे अजूनही त्याला ‘कैसरलातूर’ म्हणतात, आणि तासगावातली निम्मी माणसं आता तसंच म्हणायला लागली आहेत. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या सीमेला खेटून फाल्त्स नावाचा मुलूख आहे, त्यात हे गाव. पश्चिमेकडे डोंगर आणि रान, ते उतरलं की मैलोन्‌मैल द्राक्षमळे, आणि मळे संपले की ऱ्हाइनच्या काठी लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यांची धुराडी. दोनेक तासांच्या प्रवासात माणूस तीन वेगळ्या देशांतून गेल्यासारखा होतो.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या द्राक्षबागेच्या फळछाटणीचं काम दिरांवर सोपवून आम्ही दोघं तिकडे गेलो. परत आल्यापासून लोक ‘काय काय पाह्यलं?’ विचारतात, आणि मी किल्ला, मळे, चर्च असं सांगत बसते. खरी गोष्ट तशीच राहते. ती सांगायची म्हणजे जरा बैठक मारून सांगावी लागते.

कायझर्सलाउटर्न

पहिला धक्का नारळाने दिला. आम्ही शनिवारी पोचलो. केतकीने आशियाई दुकानातून नारळ आणून ठेवला होता. रविवारी सकाळी यांनी अंघोळ केली, बाल्कनीत गेले आणि उंबऱ्याच्या दगडावर दणादण नारळ आपटला. तिसऱ्या ठोक्याला दाराची घंटी वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा. इस्त्रीचा शर्ट, चेहरा शांत, आवाज त्याहून शांत. ते बराच वेळ बोलले. केतकी मान हलवत “या, या, गेनाऊ”, म्हणजे हो, हो, बरोबर, असं म्हणत राहिली.

“काय म्हणतायत?”

“आज रविवार आहे म्हणतायत.”

“ते आम्हालाही माहीत आहे की,” हे म्हणाले.

“बाबा, रविवारी इथं रूहेत्साइट असते. शांततेची वेळ. ठोकाठोक करायची नाही, ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा बाहेरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून.”

हे हातातल्या नारळाकडे बघत राहिले. शेवटी तो न्हाणीघरात, टॉवेलात गुंडाळून, चोरासारखा फोडला. मग बाहेर फिरायला निघालो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं बंद, पडदे ओढलेले. “माणसं कुठं गेली गं सगळी?” यांनी दबक्या आवाजात विचारलं. तेवढ्यात डोक्यावरून एक भलं थोरलं लष्करी विमान गडगडाट करत गेलं. जवळच अमेरिकेचा तळ आहे. नारळ चालत नाही आणि हे चालतं, याचं यांना दिवसभर नवल वाटत राहिलं.

केतकीचं विद्यापीठ गावाच्या कडेला. तिच्या प्रयोगशाळेच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की थेट रान सुरू होतं. मधे कुंपण नाही, फाटक नाही, पहारेकरी नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती रानात चक्कर मारून येते म्हणाली. एकटी? एकटी. चार वर्षं ती एकटीच फिरते आहे, आता मी बोलून काय होणार होतं?

वाइनचा रस्ता

मंगळवारी द्राक्षांच्या मुलखात गेलो. या भागातून जो रस्ता जातो त्याला वाइनचा रस्ताच म्हणतात. लहान लहान गावं, दगडी घरं, प्रत्येक दारावर चढवलेला वेल. यांची सगळी हयात द्राक्षबागेत गेलेली, त्यामुळे बसमधून उतरल्यापासून हे माझे राहिलेच नाहीत. आपल्याकडे मांडव असतो, खालून वाकून फिरावं लागतं. तिथे वेली तारांवर सरळ उभ्या बांधलेल्या, ओळीने, शाळेतल्या मुलांसारख्या. घड एवढेसे, मणी वाटाण्याएवढे.

“याला कोण घेणार बाजारात?” असं म्हणत यांनी एक मणी तोडून तोंडात टाकला.

लगेच ओळीच्या टोकाकडून हाक आली. रबरी बूट घातलेला, लाल चेहऱ्याचा एक शेतकरी तरातरा चालत आला. तोडणीच्या दिवसांत बागेत बाहेरच्यांनी शिरायचंच नाही असा तिथला नियम. केतकी कानकोंडी झाली. तिने माफी मागितली आणि घाईघाईने सांगितलं की माझे वडील भारतात द्राक्षं पिकवतात. तो माणूस थबकला. यांनी फोन काढून आपल्या बागेचे फोटो दाखवले. अंगठ्याएवढे लांब मणी बघून त्याने शिट्टी वाजवली. मग दोघांची जी काही प्रश्नोत्तरं सुरू झाली, त्यात केतकीची पुरती दमछाक झाली.

“वर्षातून छाटणी किती वेळा, विचारतायत.”

“दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी.”

त्याने केतकीला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दोन बोटं दाखवली. तो माणूस यांच्याकडे असा बघायला लागला, जसे आम्ही रविवारी त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होतो.

“ते विचारतायत, मग वेल झोपते कधी?”

तिथे हिवाळाभर वेल पानं गाळून निजलेली असते. आमच्या बागेतली वेल कधी निजते, हा प्रश्न यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. जाताना त्या माणसाने मघाच्याच ओळीतला अख्खा घड तोडून यांच्या हातात ठेवला.

पुढचे धक्के माझ्या वाट्याचे. दुपारी एका अंगणातल्या खानावळीत बसलो. लांबच लांब टेबलं, आणि अनोळखी माणसं ‘इथे मोकळं आहे ना?’ असं विचारून सरळ आपल्या शेजारी येऊन बसतात. पाटीवर पहिला पदार्थ डुकराच्या पोटात भरलेलं सारण. मी पाटी उलटी केली. केतकीने माझ्यासाठी वाफेवर फुगवलेला मोठा गुबगुबीत पाव मागवला, खालून खरपूस आणि खारट. त्याच्याबरोबर एका वाडग्यात गोड व्हॅनिला सॉस आणि दुसऱ्यात बटाट्याचं तिखटसर सूप. हे सगळं एकत्र खायचं! आधी जीभ गोंधळली, पण मग मी ताट चाटूनपुसून साफ केलं.

तेवढ्यात शेजारी येऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने घोट घेऊन आपला भलामोठा ग्लास आमच्याकडे सरकवला. वाइनमध्ये सोडा घातलेला. या भागात एकच ग्लास सगळ्या टेबलावर फिरवायची रीत आहे. केतकीने तो उचलला, एक घोट घेतला आणि पुढे दिला.

“केतकी!”

“काय झालं?”

“तू पितेस?”

“आई, एवढंसं.”

“आणि उष्टं?”

ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. ती पिते याचा जास्त धक्का बसला की परक्या म्हाताऱ्याच्या ओठांचा ग्लास तिने न पुसता तोंडाला लावला याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हे मात्र आपला द्राक्षाचा घड खात होते.

निघताना केतकीने नव्या वाइनची एक बाटली घेतली. ती अजून फसफसत असते, म्हणून तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात आणि बाटली उभीच न्यायची असते. हे यांना कुणी सांगितलं नव्हतं. यांनी ती माझ्या पिशवीत आडवी घातली. माझा स्वेटर, यांचा मफलर आणि गुडघ्याचा पट्टा, सगळ्याला पुढचे दोन दिवस आंबलेल्या रसाचा वास येत होता.

आन्वाइलरचं रान

गुरुवारी आन्वाइलर या गावी गेलो. गावाच्या डोक्यावर तांबड्या दगडाचा जुना किल्ला, आणि किल्ल्याच्या भोवती चेस्टनटची झाडं. ऑक्टोबरात त्यांची फळं पडतात. बाहेरून साळिंदरासारखी काटेरी, आत चकचकीत तपकिरी बी. लोक पिशव्या घेऊन येतात, वेचतात, घरी जाऊन भाजून खातात. हे फुकट आहे यावर यांचा विश्वासच बसेना. “रान सरकारचं, फळ सरकारचं, आणि कुणी काही म्हणत नाही?”

निम्म्या चढावर माझे गुडघे बोलायला लागले. मी आणि केतकी एका बाकावर टेकलो. “तुम्ही बसा, मी त्या वळणापर्यंत वेचत जातो आणि येतो,” असं म्हणून हे पिशवी घेऊन गेले.

आम्ही डब्यातल्या दशम्या काढल्या. खाऊन झाल्या. हे आले नाहीत. केतकी वळणापर्यंत जाऊन आली. तिथून तीन पायवाटा फुटत होत्या. यांच्या फोनमध्ये तिथलं सिमकार्ड नव्हतं. ‘तुम्ही दोघी आहातच की बरोबर’ म्हणून यांनी घेतलंच नव्हतं. आणि यांना मधुमेह. साखर उतरली तर तोंडात टाकायला म्हणून जी बिस्किटं ठेवलेली असतात ती माझ्या पर्समध्ये.

केतकी “बाबा! बाबा!” करत पुढे धावायला लागली. मी मागून “अहो! अहो!” अशी हाक मारत होते. रान इतकं गप्प, की माझाच आवाज मला परका वाटायला लागला. कुणीतरी अनोळखी बाई कुणालातरी ‘अहो’ म्हणते आहे, एवढंच. मग माझ्या तोंडून निघालं, “दत्तात्रय!”

लग्न झाल्यापासून मी यांचं नाव उखाण्याखेरीज घेतलेलं नाही. केतकी गर्रकन वळून माझ्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, आपल्या वडिलांना खरंच काही झालं असेल हे तिला त्या हाकेने कळलं.

“आई, तू दमू नकोस. मी एकशेबाराला, मदतीच्या नंबरला फोन करते.” पण त्या खोऱ्यात तिच्याही फोनला रेंज नव्हती. मग आम्ही मधली, जरा रुंद वाट धरली. रेंज मिळेल तिथे फोन करायचा असं ठरवून चालत राहिलो. मी मनातल्या मनात नको ते बघत होते. हे कुठल्यातरी पानांच्या ढिगात पडलेत, दुपार कलते आहे, आणि शोधणाऱ्यांना आम्ही यांचं वर्णन कोणत्या भाषेत सांगणार?

चालता चालता झाडांवर लहान लहान पत्र्याच्या पट्ट्या दिसायला लागल्या. आपल्याकडे बागेत झाडांची नावं लावतात तशा. केतकी एका झाडापाशी थांबली, वाचलं, पुढच्या झाडापाशी गेली, तेही वाचलं. मग माझा दंड धरला.

“आई, ही माणसांची नावं आहेत.”

“म्हणजे?”

“ही स्मशानभूमी आहे. इथं झाडाखाली अस्थी पुरतात.”

मी जिथे उभी होते तिथून पाय काढून घेतला. पण ठेवणार कुठे? सगळीकडे तीच झाडं, तीच पानं. दगड नाही, चौथरा नाही, भिंत नाही. ज्या जमिनीवरून आम्ही ‘अहो’ करत पळत होतो, तिच्या पोटात ठिकठिकाणी माणसं होती, आणि पक्षी बिनघोर ओरडत होते.

आणि तेव्हाच मला हे दिसले. उतारावर, राखाडी गुळगुळीत खोडाच्या एका मोठ्या झाडाखाली, मान खाली घालून, अनवाणी. शेजारी हिरव्या गणवेशातला वनाधिकारी. दुसऱ्या बाजूला काळा कोट घातलेली एक म्हातारी बाई, जिने यांचा कोपर घट्ट धरून ठेवला होता.

केतकी धावणार होती. मीच तिला अडवलं, कारण हे खाली वाकले आणि मूठभर माती घेऊन समोरच्या लहानशा खड्ड्यात सोडली. आमच्या सांगली भागात अंत्यविधीला जाण्याला ‘मातीला जाणं’ म्हणतात. माझा नवरा जर्मनीच्या रानात कुणाच्यातरी मातीला उभा होता.

विधी असा काही नव्हताच. वनाधिकाऱ्याने खड्डा मातीने भरला, वर पानं सारखी केली. एवढ्यानेच जमीन इतकी पूर्ववत झाली की आपण डोळ्यांनी काही पाहिलं का, असं मला वाटायला लागलं. मग केतकी वडिलांच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडली. वनाधिकारी आणि ती बाई समजले की हे सगळं गेलेल्या माणसासाठीच चाललं आहे, आणि त्यांनी आदराने माना खाली घातल्या.

“कुठं होता तुम्ही?” मी बिस्किटाचा पुडा फोडत विचारलं.

“वाट चुकलो गं. हा गणवेशवाला दिसला म्हणून विचारायला आलो. मला वाटलं फॉरेस्टवाला, चेस्टनट बघून दंड करतोय. तर बाईंच्या हातात तो कलश. आधी मला कळलंच नाही. मग खड्डा दिसला.” यांनी बिस्किट तोंडात टाकलं. “दोघंच होते गं. मातीला दोन माणसं? आणि त्यातला एक सरकारी. मला तिथनं हलवेना.”

त्या बाईंचं नाव हेल्गा. त्यांनी आमची काहीच विचारपूस न करता केतकीला सांगितलं की आता सगळ्यांनी कॉफी प्यायला यायचं. खाली रानातच भटक्यांसाठी एक लाकडी खानावळ होती. मला पुन्हा धक्का. मातीहून आलेलो, अंगावर पाणी नाही, आणि समोर प्लमचा केक! मी केतकीच्या कानात म्हटलं, “अंघोळीशिवाय कसं खायचं?” ती म्हणाली, “आई, इथं हेच करतात. नाही खाल्लंस तर त्यांना वाईट वाटेल.” मी हात धुतले, चूळ भरली आणि खाल्लं.

हेल्गाबाई हळूहळू बोलत होत्या आणि केतकी सांगत होती. गेले ते त्यांचे यजमान, वाल्टर. जाऊन महिना होऊन गेला होता. महिना! आपल्याकडे संध्याकाळ होऊ देत नाहीत. तिथे दहन होतं, अस्थींचा कलश थांबतो, तारीख ठरते, मग पुरतात. मुलगी न्यूझीलंडला. तिचे दिवस भरत आलेले, डॉक्टर विमानात बसू देईनात. आणि वाल्टरना आयुष्यभर गर्दीचा तिटकारा. ‘मला झाड पाहिजे, माणसं नकोत,’ असं सांगून ठेवलेलं. झाड दोघांनी मिळून निवडलं होतं. हेल्गाबाईंची जागाही त्याच झाडाखाली, वाल्टरच्या शेजारी ठरलेली. ‘जागा बघायला गेलो त्या दिवशी आम्ही अंड्याची सँडविचेस नेली होती,’ असं सांगताना त्यांना हसू आलं. मी आपलं मरणाचं ठिकाण बघायला डबा घेऊन जाणाऱ्या या नवरा-बायकोंकडे, म्हणजे त्यातल्या उरलेल्या एकीकडे, नुसती बघत राहिले.

“म्हणून मी कुणालाच बोलावलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचं म्हणणं पाळलं. पण तिथे उभी राहिले आणि मला भीती वाटली. आता याला पोचवायला खरंच कुणी नाही. तेवढ्यात हे गृहस्थ पिशवी घेऊन झाडांतून आले.”

मग त्यांनी विचारलं, यांनी बूट का काढले?

केतकीने यांना विचारलं. हे गोंधळले. “का म्हणजे? चपला घालून माती कशी द्यायची?”

तिने ते जर्मनमध्ये सांगितलं. हेल्गाबाईंनी हात तोंडावर धरला. आधी मला वाटलं त्या दुखावल्या, पण त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. वाल्टर बुटांच्या कारखान्यात कातडं कापायचे. जवळच्या खेड्यात, सगळी उमर. माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे. “आज त्याने वर मान करून बघितलं असतं,” त्या म्हणाल्या, “की हा कोण.”

निघताना त्यांनी यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि नाव विचारलं. यांनी सांगितलं. त्यांना ते म्हणता येईना. चार वेळा प्रयत्न करून त्या ‘दत्ता’वर थांबल्या.

परतीचा फलाट

रविवारी परत निघालो. केतकी विमानतळापर्यंत येणार होती, पण तिचा कसलासा प्रयोग चालू होता, म्हणून कायझर्सलाउटर्नच्या फलाटावरच निरोप घ्यायचा ठरलं. जर्मनीतल्या गाड्या वेळेवर धावतात ही माझी समजूत तिथेच मोडली. गाडी उशिरा, किती उशिरा ते कुणालाच सांगता येईना. गुरुवारपासून आम्ही त्या रानाबद्दल फारसं बोललो नव्हतो. बॅगांवर बसून राहिलो.

“केतकी,” हे अचानक म्हणाले, “एक सांगून ठेवतो. मी गेलो तर तू येईपर्यंत थांबवायचं नाही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अडतीस वर्षांच्या संसारात हा विषय यांनी कधी काढला नव्हता. माझ्याजवळसुद्धा नाही.

“आपल्याकडं थांबत नाहीत,” हे पुढे म्हणाले, आवाज अगदी साधा, बागेच्या पाण्याची पाळी सांगावी तसा. “तुझे काका आहेत, भाऊबंद आहेत, गाव आहे. मातीला माणसं कमी पडणार नाहीत. तू जिवाची धावपळ करून यायचं नाही. सवडीनं ये. आईजवळ राहा.”

केतकी रुळांकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा ‘बाबा, काहीतरी काय बोलता’ म्हणेल. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “थांबवायचं.”

“अगं, विमान, तिकीट, व्हिसा, मुंबईवरनं पुढं सहा-सात तास…”

“कितीही लागू देत. मी पोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काकांना सांगा, गावाला सांगा. बर्फ आणा, काय करायचं ते करा. आई, ऐकतेयस ना तू?”

मी मान हलवली. एवढीशी होती तेव्हा भातुकलीतसुद्धा कुणाला न दुखावणारी माझी मुलगी, वडिलांना दम देत होती.

लांबवर गाडी दिसली. फलाटावरची माणसं उठून उभी राहिली. हेही उठले, बॅगेचं हँडल ओढून वर काढलं, आणि लेकीकडे बघितलं.

“बरं,” हे म्हणाले. “थांबतो.”